हत्तुरेअण्णांचं गोपनीय कपाट

ज्या कॉलेजात ही गोष्ट घडली त्याचं नाव सांगायला मनाई आहे. मनाई कुणी केली तेही सांगता येणार नाही. सोलापुरात एक कॉलेज आहे, कॉलेजला एक ऑफिस आहे, ऑफिसला एक खिडकी आहे आणि खिडकीच्या आत पंचाक्षरी हत्तुरे नावाचे हेडक्लार्क आहेत, एवढ्यावर वाचकांनी समाधान मानावं. भवानी पेठेतला माणूस एवढ्यावरून कॉलेज ओळखेलच. पण ते आमच्याकडून कळलं असं त्यानं कुठं बोलू नये.

प्राचार्य येत आणि जात, हत्तुरेअण्णा मात्र होते तिथंच होते. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, कानावर पेन्सिल आणि टेबलावर विद्यार्थ्यांचं जनरल रजिस्टर, असं ते दृश्य होतं. त्या काळी, म्हणजे सत्तर-बहात्तरच्या सुमाराला, गावात कुणाचंही लग्न या खिडकीवरून गेल्याशिवाय जमत नसे. मुलीकडचे मुलाचे मार्क बघायला येत, मुलाकडचे मुलीचं खरं वय बघायला येत. याला 'चौकशी' म्हणत. अण्णांनी चौकशीचा एक पैसा कधी घेतला नाही. समोरच्या हॉटेलातून चहा येई आणि लग्नात पुढच्या रांगेत खुर्ची मिळे, बस्स.

खोल्या भाड्यानं देणारेही येत. "पोरगा कसा आहे?" असं ते विचारत. या 'कसा'चा अर्थ अण्णांना बरोबर कळे. पण या बाबतीत त्यांचं एक तत्त्व होतं. सुशिक्षित माणसानं तोंडानं जात काढू नये. म्हणून ते रजिस्टर उघडत, पान शोधत आणि त्या रकान्यावर फक्त बोट ठेवत. घरमालक वाकून बघे, "असं होय," म्हणे, आणि संध्याकाळी त्या पोराला कळे की खोली नुकतीच दुसऱ्या कुणाला तरी दिली. अण्णांना शांत झोप लागे, कारण ते काही बोललेच नव्हते.

अशा सुखाच्या दिवसांत विद्यापीठाचं परिपत्रक आलं. कुठल्याशा कॉलेजात काही गडबड झाली असावी, त्याशिवाय विद्यापीठाला असलं काही सुचत नाही. विद्यार्थ्यांची जात, धर्म, उत्पन्न, गुण इत्यादी नोंदी गोपनीय समजाव्यात. विद्यार्थ्याच्या लेखी संमतीवाचून त्रयस्थास दाखवू नयेत. आणि विद्यार्थ्या-विद्यार्थ्यांत भेदभाव होईल अशी कोणतीही सूचना वा उद्घोषणा करू नये. परिपत्रकाच्या डोक्यावर 'गोपनीय' असा शिक्का होता.

"हत्तुरे, हे फाईलला लावा," प्राचार्य म्हणाले. फाईलला लावणं म्हणजे पुरणं, हे ऑफिसात काम केलेल्या कुणालाही ठाऊक असतं. पण अण्णांनी ते पुरण्याआधी वाचलं, आणि तिथंच सगळं बिघडलं. इतकी वर्षं माहिती देऊन त्यांना चहा मिळत होता. आता माहिती नाकारायचा अधिकार मिळत होता. देणाऱ्यापेक्षा नाकारणाऱ्याला मान जास्त, हे त्यांनी सरकारी कचेऱ्यांच्या खिडक्यांबाहेर स्वतः उभं राहून पाहिलेलं होतं.

"मी याची अंमलबजावणी करतो, सर," ते म्हणाले.

प्राचार्यांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "कशाला?"

पण अण्णा तोवर कपाट शोधायला गेले होते.

नवं कपाट घ्यायचं तर कोटेशनं मागवावी लागत, ती आल्यावर कमिटी बसावी लागे, आणि कमिटीतले दोन सभासद एकमेकांशी बोलत नसत. म्हणून अण्णांनी जिमखान्याचं कपाट उचललं. आतले कॅरम बोर्ड आणि रस्सीखेचीचा दोर बाहेर काढून ठेवल्यामुळे जिमखान्याचे सर पुढं वर्षभर रुसले. कपाटावर 'गोपनीय' असं रंगवायला गिरणीजवळच्या वस्तीतला एक पेंटर बोलावला. तो एरवी विजेच्या डब्यांवर रंगवायचा. त्यानं तांबड्या रंगात 'गोपनीय' लिहिलं आणि हाताच्या सवयीनं खाली कवटी आणि दोन हाडं काढली. अण्णांनी कवटी पुसायला सांगितली, तर ऑइलपेंट आहे, निघणार नाही, असं उत्तर आलं.

जनरल रजिस्टर आणि पोरांच्या फायली आत गेल्या. किल्ली एकच होती. ती अण्णांनी कमरेच्या करदोट्याला बांधली. त्यामुळे कपाट उघडायचं म्हणजे आधी भिंतीकडं तोंड करून धोतर सैल करावं लागे. गोपनीयतेची सुरुवात तिथूनच होई.

पहिल्या आठवड्यातच गावात बोंब झाली. चौकशीला आलेले लोक खिडकीतून वाकून म्हणत, "नियम? कुठला नियम? दाखवा की."

"तो नियमच गोपनीय आहे," अण्णा म्हणत. हे म्हणताना त्यांना फार बरं वाटे.

शेजारच्या मथुराबाई संध्याकाळी ओट्यावर येऊन बसल्या. त्यांची पुढची खोली भाड्यानं द्यायची होती. "अण्णा, एक पोरगं आलंय खोली बघायला. तोंडावरनं काय कळंना बघा. तुमी नुसतं बोट ठेवा की वो."

"आता बोट बंद, मथुराबाई."

"अगं बाई! दुखतंय का?"

आता राहिला भेदभावाचा प्रश्न. कॉलेजात निंगप्पा नावाचा शिपाई होता. मागासवर्गीयांच्या स्कॉलरशिपचे फॉर्म आले की तो नोटीसवही घेऊन वर्गात शिरे आणि गिरणीच्या भोंग्यासारख्या आवाजात ओरडे, "बी.सी.वाले कोन कोन हायत, उभे ऱ्हावा!" मग मागच्या बाकांवरची काही पोरं उभी राहत, आणि बाकीचा वर्ग मान वळवून त्यांच्याकडं नीट बघून घेई. हे वर्षानुवर्षं चाललं होतं. त्यात कुणाचं काही चुकतंय असं उभं राहणाऱ्यांखेरीज कुणालाच वाटलं नव्हतं.

अण्णांनी एक रविवार घालवून यावर तोडगा काढला. जातीचा उल्लेखच नको. नोटीस निघाली: 'योजना क्रमांक चारच्या विद्यार्थ्यांनी ऑफिसात भेटावे.' इतकी सभ्य नोटीस त्या फळ्यावर आजवर लागली नव्हती. अण्णा ती लांबून, जवळून आणि चष्मा काढून बघून आले.

दुपारपर्यंत कॉलेजात 'चार नंबर' हा शब्द झाला. दोन दिवसांनी क्रिकेटच्या संघात चार नंबरला बॅटिंगला जायला कुणी तयार होईना.

मग भीमा कसबे खिडकीवर आला. शेवटच्या वर्षाचा हा पोरगा वक्तृत्वात कॉलेजला ढाल आणून देई. ती ढाल प्राचार्यांच्या खोलीत होती, आणि भीमा बाहेर.

"सर, आधी वर्षातनं एकदा उभं ऱ्हावं लागायचं. तुमी आता रोज बसल्या जागी उभं केलंय."

"अरे, पण जातीचं नाव कुठं आहे त्यात?"

"तेच की. नाव होतं तवा निदान भांडता येत होतं. आता चार या आकड्याशी कसं भांडू?"

अण्णांचा चेहरा पडला. सत्कार्य करणाऱ्या माणसाला उपकार न कळणारी माणसं भेटली की चेहरा जसा पडतो, तसा. "मग तूच सांग काय करायचं!"

"फॉर्म सगळ्यांनाच वाटा. ज्याला लागू हाय तो भरंल, बाकीचे त्याचं विमान करतील."

"आख्ख्या कॉलेजला? कागद किती जाईल, कल्पना आहे?"

"कवटीला रंग किती गेला, सर?" भीमानं विचारलं, आणि जाता जाता म्हणाला, "मथुराबाईंची खोली गेल्या साली मीच बघून आलो होतो. तवा तुमचं बोट चालत होतं."

अण्णा त्या दिवशी डबा न खाता घरी आले. तिथं वेगळीच गडबड चालली होती. दानम्मांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, पाहुणे येऊन गेल्यासारखे कप धुवायला काढले होते, आणि खरोखरच पाहुणे येऊन गेले होते. अक्कलकोटचे धान्याचे आडते सिद्धलिंगप्पा यांनी आपल्या शिवशरणसाठी महानंदेला मागणी घातली होती. महानंदा हत्तुऱ्यांची एकुलती एक, याच कॉलेजात बी.ए.ला. शिवशरण कुर्डुवाडीला रेल्वेत क्लार्क, शिवाय बी.कॉम., आणि तेही याच कॉलेजातून. घर तालेवार. दानम्मा आनंदानं भाकरीच्या पिठात मीठ दोनदा घालून बसल्या होत्या.

"मुलगा तुमच्याच कॉलेजातला हाय. उद्या जरा त्याचे मार्क बगून या की."

"खासगी कामासाठी कपाट उघडायचं नाही, असं मीच कपाटाच्या दारावर लिहिलंय."

"अवो, सगळ्या गावच्या पोरींची लग्नं बगितलीत त्या रजिस्टरात. आता आपली आली तर नियम?"

"नियमाला आपलं-परकं नसतं," अण्णा म्हणाले. महानंदेकडंही वळून त्यांनी बजावलं, "आणि दुसऱ्या विद्यार्थ्याची माहिती या घरात काढायची नाही. कळलं?"

"बरं, अप्पा," महानंदा म्हणाली. तिला काहीतरी बोलायचं होतं असं दिसलं. पण अण्णांनी हात वर केलेला होता.

दुसऱ्या दिवशी अण्णांना एकाएकी वाटलं की कपाटाला वाळवी लागली असावी. कपाट लोखंडी होतं, पण आतले कागद लोखंडी नव्हते. प्रश्न कर्तव्याचा होता. भिंतीकडं तोंड करून त्यांनी किल्ली सोडवली, कपाट उघडलं, आणि वाळवी नेमकी 'श' अक्षराच्या आसपास असेल असा त्यांना संशय आला. तिथं वाळवी नव्हती. शिवशरण होता. दुसऱ्या वर्षाला नापास, पुन्हा नापास, पुन्हा तेच, आणि मग 'नाव कमी केले'. बी.कॉम.ची गाडी निम्म्या वाटेवरच बंद पडली होती आणि उतारू चालत कुर्डुवाडीला निघून गेला होता.

अण्णांनी फाईल मिटली. इतकी वर्षं त्यांनी लोकांची गुपितं सांगितली, त्यात पोटात कधी दुखलं नव्हतं. हे पहिलंच गुपित ठेवायचं होतं, आणि ते ओव्याच्या अर्कानंही पचत नव्हतं. सांगावं, तर आपणच कपाट उघडल्याचं कबूल करावं लागणार. न सांगावं, तर पोरगी खोट्या बी.कॉम.च्या गळ्यात बांधली जाणार.

नेमक्या त्याच दिवशी, अण्णा बँकेत गेलेले असताना, सिद्धलिंगप्पांचा मेहुणा रुद्रप्पा चौकशीला खिडकीवर आला. खिडकीत निंगप्पा बसला होता.

"ती हत्तुऱ्यांची मुलगी, महानंदा. वय, मार्क, काय हाय ते दाखवा जरा."

"तिचं दाखवता येत न्हाय," निंगप्पा म्हणाला. "लई बंदोबस्तात ठेवलंय. त्ये बगा, त्या कवटीच्या कपाटात."

रुद्रप्पा अक्कलकोटला पोचेपर्यंत त्या कवटीला डोळे फुटले होते. हेडक्लार्क बापानं पोरीचं रेकॉर्ड कुलपात घातलंय, म्हणजे त्यात काय असेल? वय लपवलं असेल? नापास असेल? कुणाबरोबर काही? भवानी पेठेत बातमी उलटी फिरून आली तेव्हा महानंदेचं वय बरंच वाढलेलं होतं. मथुराबाई ओट्यावर येऊन दानम्मांना म्हणाल्या, "तुमी कायबी म्हणा, दाखवून टाका. पोरीच्या जातीला संशय बरा न्हवं." दानम्मांनी अण्णांशी बोलणं सोडलं. भाकरी ताटात पडे, पण तिचा आवाज वेगळा येई.

शेवटी सिद्धलिंगप्पाच आले. डोक्याला पटका, खांद्यावर मोठा रुमाल, मागं रुद्रप्पा. फी भरायचा दिवस होता. खिडकीबाहेर पोरांची रांग आणि रांगेत पुढं भीमा.

"हत्तुरे मालक," सिद्धलिंगप्पा खुर्चीत बसत म्हणाले, "मी सरळ माणूस. पोत्यात हात घातल्याशिवाय ज्वारी घेत न्हाय. पोरीचं रेकॉर्ड दाखवा, आणि सुपारी फोडू."

"माझ्या पोरीत लपवण्यासारखं काही नाही. पण नियम..."

"इल्ला, इल्ला! नियम माणसासाठी. बरं, तुमाला अवघड वाटतंय ना? मग पैल्यांदा माझ्या पोराचं काढा. हितंच शिकलाय. मोठ्यांदा वाचा, या सगळ्या पोरांसमोर वाचा! बी.कॉम. हाय माझा शिवशरण. आमच्यात झाकापाक न्हाय."

अण्णांनी त्यांच्याकडं बघितलं. त्या चेहऱ्यावर खोटं नव्हतं. या माणसाला खरंच माहीत नव्हतं. पोरानं बापालाच बी.कॉम. विकलं होतं, आणि बापानं पोत्यात हात न घालता ते घेतलं होतं.

"नको, मालक," अण्णा म्हणाले.

"का नको?"

"गोपनीय आहे."

"माझ्या पोराचं, मला गोपनीय?"

"त्याची लेखी संमती लागेल."

सिद्धलिंगप्पा काही वेळ अण्णांच्या कपाळावरच्या घामाकडं बघत राहिले. विभूती ओघळून भुवईवर आली होती. मग त्यांनी आवाज खाली आणला. "ठीक हाय. बोलू नका. तुमची पद्धत सगळ्या जिल्ह्याला ठाऊक हाय. नुसतं बोट ठेवा."

अण्णांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

तेव्हा आडत्यानं खांद्यावरचा रुमाल काढला. धान्याच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. त्यांनी अण्णांचा उजवा हात ओढून घेतला, त्यावर रुमाल टाकला आणि खालून आपला हात घातला. "आता कुणाला दिसत न्हाय," ते पुटपुटले. "पास असेल तर एक बोट द्या. काय असेल ते द्या."

इतकी वर्षं ते बोट फुकट फिरलं होतं. वाट्टेल त्याच्या रकान्यावर, कुणीही चहा पाजला की. आता ते उचललं असतं तर पोरीची सुटका होती, घरात बोलणी सुरू झाली असती, नियमही मोडला नसता, कारण अण्णा काही बोलले नसते. अण्णांनी मूठ मिटली. रुमालाखाली सिद्धलिंगप्पांच्या बोटांनी ती मूठ चाचपली, उघडायला बघितली. उघडली नाही.

बाजारात मिटलेली मूठ म्हणजे सौदा नाही. सिद्धलिंगप्पांची बोटं थांबली. त्यांनी सावकाश रुमाल उचलला, झटकला, घडी घालून खांद्यावर टाकला.

"होद, समजलं," ते म्हणाले. "पोरीचं रेकॉर्ड ऱ्हाऊ द्या मालक. मला काय बघायचं न्हाय." दाराशी जाऊन ते थांबले. "ह्या कपाटाला किल्ली एकच हाय न्हवं?"

"एकच."

"जपा."

रुद्रप्पा अक्कलकोटच्या गाडीकडं वळला, तर सिद्धलिंगप्पांनी त्याला दंडाला धरून उलटं फिरवलं. ते दोघं कुर्डुवाडीच्या गाडीत बसले.

त्या संध्याकाळी अण्णा मान ताठ करून घरी गेले. आपण काय गिळलंय हे जगाला कधीच कळणार नाही, या विचारानं त्यांना थोडं हुतात्म्यासारखं वाटत होतं. "लग्न मोडलं," त्यांनी जाहीर केलं. "कारण विचारू नका. सांगता येणार नाही."

"तीनदा नापास म्हणून ना?" महानंदा तांदूळ निवडता निवडता म्हणाली.

अण्णा बसले. "तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या मैत्रिणीचा भाऊ त्याच्याच बाकावर होता, अप्पा. सांगणार होते, तर तुम्ही म्हणालात, दुसऱ्याची माहिती घरात काढायची नाही."

ओट्यावरून मथुराबाईंचा आवाज आला, "तेवढं तर सगळ्या पेठेला ठावं हाय की! पण मोठ्या घरचं असतंय, कशाला बोलायचं, म्हणून कुणी बोललं न्हाय."

"आणि माझ्या पोरीचं मात्र बोललात?" अण्णा म्हणाले.

मथुराबाईंना तेवढ्यात दूध उतू जाण्याचा वास आला.

अण्णांचा हुतात्मा जागीच खाली बसला. विनापरिपत्रक, विनाकपाट, सबंध पेठेनं एका आडत्याच्या पोराचं नापास होणं वर्षानुवर्षं पोटात ठेवलं होतं. गोपनीयता या गावाला उत्तम येत होती. कुणाची ठेवायची, एवढंच गावानं ठरवून टाकलेलं होतं. आणि ज्यांची ठेवायची नाही त्यांच्यासाठी निंगप्पाचा आवाज होता आणि हत्तुरेअण्णांचं बोट होतं. त्या रात्री त्यांनी भाकरी खाल्ली, पण ते बोट ताटाला लागू न देता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फळ्यावरची चार नंबरची नोटीस स्वतः फाडली आणि निंगप्पाला बोलावलं. "हे फॉर्म सगळ्या वर्गाला वाटायचे. एकूण एक पोराला. कुणाचं नाव, गाव, जात काढायची नाही. आपल्याला भेदभाव करायचा नाही."

"कळलं सायेब," निंगप्पा म्हणाला. त्याच्या 'कळलं'चा अनुभव असल्यामुळे अण्णा मागून गेले आणि वर्गाच्या दाराशी उभे राहिले.

निंगप्पा आत शिरला. गठ्ठा टेबलावर ठेवला. फॉर्म आले की काय ओरडायचं ते त्याच्या गळ्याला पाठ होतं. त्यातला भेदभाव तेवढा त्यानं काढून टाकला.

"समदे उभे ऱ्हावा!"

आख्खा वर्ग उभा राहिला. वकिलांची पोरं, आडत्यांची पोरं, प्राचार्यांचा भाचा, महानंदेसकट पुढच्या बाकावरच्या मुली. सगळे एकमेकांकडं मान वळवून बघायला लागले, आणि नेमकं कुणाकडं बघायचं हे कुणालाच कळेना. मागच्या बाकावर भीमा कसबे तेवढा बसलेला होता.

"तू रं?" निंगप्पा गरजला. "उठ की!"

"लई वर्षं उभा ऱ्हायलोय, मामा," भीमा म्हणाला. "आज बसतो जरा."

निंगप्पानं दाराकडं बघितलं. हत्तुरेअण्णांचा उजवा हात सवयीनं वर आला होता. तो त्यांनी खाली घेतला, खिशात घातला, आणि डोक्यानंच खुणावलं, बसू दे.